चुन्याआडचं जोडपं

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे, पण माझ्यात दोघं राहतात. तिसगावच्या बाजारवाटेवरच्या देवळात, दाराच्या उजव्या हाताला, एक नवरा आणि त्याची बायको सातशे वर्षं मिठी मारून उभी आहेत.

मला घडवणारा पाथरवट म्हणायचा, "दारात जोडपं असलं की मंगल असतं. संसाराचं सुख बाहेरच्या भिंतीवर डोळे भरून बघावं, मग आत जावं. आत देव एकटाच." म्हणून नवी जोडपी आधी मला हळद लावत, मग देवाला.

पुढे लोकांना माझी लाज वाटू लागली. आया लेकरांचे डोळे पदराने झाकत आणि भराभर पुढे जात. मी त्यांना दोष देत नाही. आईच्या जिवाला घोर असतोच.

एकोणीसशे त्रेचाळीस साली गावच्या काकासाहेब पाटलांनी नूरमहंमद गवंड्याला बोलावलं. "हे तासून टाक. आता शाळेच्या पोरी येत्यात हितनं."

छिन्नी माझ्यातल्या बायकोच्या गालाला टेकली. बारीक टवका उडाला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा घाबरलो.

नूरमहंमदचा हात थांबला. "पाटील, दुसऱ्यानं जीव लावून घडवलेलं मोडवंना. चुन्यानं झाकू का?"

"झाक. पर पक्कं झाक!"

चुना घट्ट धरावा म्हणून त्यात कालवायला पाटलांनी गुळाची अख्खी ढेप धाडली, तीही रेशनच्या दिवसांत!

मग अंधार. वराती वाजत, पण माझ्यापर्यंत हळद येईना. पुढच्या चैत्रात मात्र चुना तडकला आणि वैशाखात पोपडे गळून पडले. तेव्हाच पाटलांची नुकतीच लग्न झालेली लेक चांगुणा नवऱ्याबरोबर देवदर्शनाला आली.

"अगं बया, आलं की माझं जोडपं भाईर!" नवरी असताना मला हळद लावून गेलेली म्हातारी गोजरबाई ओरडली.

पाटील लालेलाल. "नूरमहंमद, चुन्यातला गूळ कुठं गेला?"

"लेकरांनी खाल्ला, पाटील. लई ग्वाड हुता."

सगळे खो खो हसले. चांगुणा मात्र हळदीची बोटं तशीच धरून उभी होती. "आबा, लावू का?"

पाटलांनी लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं.

"लाव. दोघांनाबी लाव."

मित्रांनो, मला छिन्नी लावू नका. लेकराने विचारलं, "ही दोघं काय करतात?" तर डोळे झाकू नका, सांगा, माया करतात. त्या गालावर टवक्याची खूण अजून आहे. हळद तिथेच सगळ्यात जास्त टिकते.