चुना फौजदार

"उतरली! उतरली!"

पांढऱ्या घमेल्यातलं पाणी पिवळंजर्द झालं आणि गर्दीने हात जोडले. कोल्हारच्या या पत्र्याच्या शेडपुढे दर रविवारी दोनशे माणसं बसतात. कुणी देवळातून येतं, कुणी चर्चमधल्या उपासनेहून थेट. काविळीला जातधर्म नसतो, फसण्यालाही नसतो.

सहादेवबाबा आधी आपल्या ओलसर हातांनी रोग्याचे तळहात चोळतो, काहीतरी पुटपुटतो आणि वरून तांब्यातली चुन्याची निवळी ओततो.

"तीन रईवार यायचं. पयल्याला पानी पिवळं, दुसऱ्याला फिकं, तिसऱ्याला नितळ. आन मधी डाक्टरची गोळी खाल्ली, तर मंतर पळून जातो बरं का! माझा मंतर लई लाजाळू हाय."

लोक हसले. मला शिसारी आली. पाच महिन्यांपूर्वी याच घमेल्यावर माझ्या आईचे हात धुतले होते.

आई, कृपाबाई, इथल्याच शाळेत विज्ञान शिकवायची. म्हणजे गोष्टी सांगायची. झाडांच्या साली-मुळांत रंग लपून बसतात, आणि चुना फौजदार दारात आला की एकेक जण कबुली देतो. हळद लाल होते. जास्वंद हिरवी पडते. आंब्याची आतली साल तर दरडावायच्या आधीच पिवळी! मुलं घरी जाऊन खरंच करून बघायची आणि रंगलेली बोटं दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवायची.

तिला सगळं माहीत होतं. तरी ती इथे आली, कारण पप्पा म्हणाले, "एवढं माझ्यासाठी." गोळ्या त्यांनी कपाटात ठेवल्या. पुढे ती गुंगीतच असायची. तिसऱ्या रविवारी पाणी नितळ आलं. बुधवारी आई गेली.

आज मी आले ती निकितासाठी. ही आईची विद्यार्थिनी, सातवीतली. डोळे पिवळे, ओठ सुकलेले. दवाखान्यात भरती करा असं डॉक्टरांनी सांगून दोन दिवस झाले होते. तिची आजी छबूबाई मात्र रांगेत नंबर लावून बसली होती.

"छबूकाकू, आत्ता उठा. हिला दवाखान्यात नेऊ."

"गप ए आराधना. तुझ्या आईचं आयुक्षच सरलं हुतं, त्याला बाबा काय करंल?"

मी निकिताला उठवायला हात पुढे केला.

तेवढ्यात सहादेवबाबाने निकिताचे तळहात चोळले. तिने ते नाकाशी नेले.

"आजे, आंब्याच्या सालीचा वास येतोय. आन तांब्यात फौजदार हाय. बाई सांगायच्या तोच."

"पोरगी तापात बरळती," बाबा म्हणाला.

"मग तुमच्याच हातावर वता की."

बाबा हात मागे घेऊ लागला. मी तांब्या उचलला आणि त्याच हातांवर रिकामा केला. घमेल्यात पिवळंधमक पाणी पडलं.

"आरं तिच्या मायला!" बन्सी टेम्पोवाला ओरडला. "बाबालाच कावीळ झाली की!"

शेडमागे जाऊन पाहिलं, तर बादलीत आंब्याची साल भिजत होती. पहिल्या रविवारी हातांना दाट रस, दुसऱ्याला पातळ, तिसऱ्याला कोरडे हात. एवढाच मंतर.

"श्रद्धा नसंल त्यानं जावं," बाबा हात पुसत म्हणाला. आणि सांगायला लाज वाटते, निम्मी माणसं बसून राहिली.

छबूबाई मात्र उठली. निकिताच्या पिवळ्या डोळ्यांकडे तिने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "बन्सी, टेम्पो काढ."

निकिता नऊ दिवस दवाखान्यात होती. आता शाळेत जाते.

बऱ्याचशा काविळी विश्रांतीने आपोआप बऱ्या होतात. त्यांचं श्रेय हा माणूस घेतो. ज्या होत नाहीत, त्यांचं आयुष्य सरलेलं असतं म्हणे. आजार यकृतात असतो, तळहातावर नाही. डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासा, डॉक्टरांची गोळी कपाटात ठेवू नका. आणि कुणी तुमचे हात धुऊन देतो म्हणाला, तर आधी त्याला त्याचे स्वतःचे धुवायला लावा. तुमच्यादेखत.