आंबाखेडीची एकेरी लाइन

मित्रांनो, मी रेल्वेची एक एकेरी लाइन आहे. एकेरी म्हणजे रुळांची एकच जोडी. बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनारच्या बाजूला आंबाखेडी नावाचे गाव आहे. तिथून निघून कपाशीची शेते आणि केळीच्या बागा ओलांडत मी बऱ्हाणपूरला पोचत असे. तुम्हाला माझी कीव यावी म्हणून मी हे सांगत नाही. मला राग आला आहे, म्हणून सांगते आहे.

मला घातले ते कापसाच्या गाठी नेण्यासाठी. माणसांनी डोंगर फोडून खडी आणली, रुळांखाली आडवे लाकडी स्लीपर टाकले, वाटेतल्या नदीवर दगडी खांबांचा उंच पूल बांधला. पुढे कापूस ट्रकमधून जाऊ लागला आणि माझ्याकडे माणसे उरली. मला तीच अधिक आवडत. सकाळच्या गाडीला भाजीवाल्या, दूधवाले आणि दप्तरे घेतलेल्या मुली असत. शाळा भरायच्या आत गाडी बऱ्हाणपुरात पोचे.

मग एका वर्षी वरून हुकूम आला आणि सकाळची गाडी दुपारची झाली. शाळा भरून गेल्यावर, बाजार उठत आल्यावर पोचणाऱ्या गाडीत कोण बसेल? डबे रिकामे जाऊ लागले. मोठे साहेब आले, रिकामे डबे पाहून म्हणाले, "या लाइनला प्रवासीच नाहीत." आधी पुढ्यातले ताट ओढून घ्यायचे आणि मग म्हणायचे, याला भूकच नाही!

शेवटच्या गाडीच्या दिवशी मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. जे कधी माझ्यावरून गेले नव्हते, ते मोटारींतून आले. त्यांनी इंजिनाला झेंडूचे हार घातले, मोबाइलवर फोटो काढले. "किती छान लाइन होती!" असे म्हणाले. होती? अरे, मी तुमच्या पायाखालीच होते!

त्या गर्दीत तृप्ती नव्हती. ती घरी रडत बसली होती. तृप्ती आंबाखेडीची, बऱ्हाणपुरात अकरावीला विज्ञान शिकणारी. गाडी दुपारची झाल्यापासून ती रविवारच्या गाडीने जाऊन आठवडाभर तिथल्या मावशीकडे राहत असे. आता तीही सोय गेली. तिचे वडील चेतन केळीची बाग करतात. माणूस वाईट नाही, पण भित्रा.

"जीपमध्ये कोंबून नाही पाठवत मी पोरीले," तो म्हणाला. "पावसाळ्यात रपट्यावरून पाणी जातं. जीप वाहून गेली म्हणजे? बस झालं शिकणं."

रपटा म्हणजे नदीतला बुटका रस्ता, पहिल्या पुरातच बुडणारा. गावातल्या बाकीच्या मुली अशाच एकेक करून घरी बसल्या होत्या.

चेतनची गावातच राहणारी थोरली बहीण गोदाबाई बऱ्हाणपुरात दही विकते. ती म्हणाली, "रेल्वेच्या पुलावरून पायी जाऊ. पलीकडे पक्की सडक आहे, तिथून बस भेटते. मी जाते तिच्या संग."

"अक्का, पाय घसरला तर?"

"घसरला तर दोघींचा घसरंल. पण तिले घरी नको बसवू."

त्या निघाल्या. पुलावर दोन स्लीपरमधून खाली नदी दिसते. तृप्ती आत्याचा पदर घट्ट धरून एकेका स्लीपरवर पाऊल टाकत होती. तिला धरायला मला धड एक कठडाही नव्हता. इंजिने पेललेली मी, एका मुलीला नीट पलीकडे नेऊ शकत नव्हते. तेव्हा मला आला, तसा राग पूर्वी कधी आला नव्हता.

तरी त्या रोज जात राहिल्या. हळूहळू तृप्तीने पदर सोडला.

उन्हाळ्यात रूळ भंगारात नेणाऱ्या ठेकेदाराचा मुकादम निरंजन गॅसकटर घेऊन आला. आंबाखेडीकडून माझे रूळ कापत कापत त्याची माणसे पुलाशी पोचली. आता पूलही उखडायचा होता. गोदाबाईने दह्याचे मडके खाली ठेवले आणि रुळांमध्ये बसकण मारली.

"बाई, उठा," निरंजन म्हणाला. "वरून ऑर्डर आहे. आणि तुमच्यासाठी जीप चालू आहे ना?"

"तुह्या पोरीले पाठवशील त्या जीपमध्ये? रूळ ने, लोखंड ने. पुलाले हात नाही लावायचा."

तृप्ती तिच्याशेजारी बसली. दुपारपर्यंत घरी बसलेल्या मुलींच्या आया आल्या. त्याही बसल्या. मग चेतन तरातरा चालत आला. तृप्तीला वाटले, बाबा हात धरून उठवणार.

"सरक जरा," तो म्हणाला आणि तापलेल्या खडीवर मांडी घालून बसला.

निरंजन कितीतरी वेळ फोनवर बोलत राहिला. दुसऱ्या दिवशी तो परत आला, तिसऱ्या दिवशीही आला. माणसे उठली नाहीत. अखेर त्याने पूल सोडून पलीकडचे रूळ कापायला घेतले. पावसाआधी गावाने पुलावर फळ्या ठोकल्या आणि बांबूचे कठडे बांधले. यंदा रपटा बुडाला, तेव्हा पाच-सहा मुली माझ्यावरून शाळेत गेल्या. तृप्ती बारावीत आहे.

आता माझा हा पूल उरला आहे, बाकी नुसती खडी. परवा कोणीतरी शहरातून आले. फळ्यांवरून चालणाऱ्या मुलींचे फोटो काढून म्हणाले, "वा, काय हिंमत आहे पोरींची!"

मित्रांनो, हिंमत त्यांच्यात आहेच. पण शाळेत जायला हिंमत का लागावी? तुमच्या गावात अजून चालू असलेले जे काही असेल, एखादी बस असेल, शाळा असेल, दवाखाना असेल, त्याची वेळ कोणी गुपचूप बदलू लागले तर त्याच दिवशी जाब विचारा. आणि माझ्या पुलावर आलात, तर या मुलींना शाबासकी देऊन परत जाऊ नका. त्यांची गाडी कुठे आहे, ते विचारा.