कूसप्पाची शपथ मी घेतली

कूसप्पा पूजारी तीनदा आमदार झाला आणि तिसऱ्या खेपेस मंत्री. त्याच्या चढतीविषयी बोलण्याचा मला अधिकार आहे, कारण तिच्यातला एक कागद माझ्या सहीचा आहे.

आम्ही दोघे पडुबैलचे, एका वर्गातले. त्याचे वडील माडी काढीत. मी मंगळूरला पॉलिटेक्निक केले आणि पाटबंधारे खात्यात लागलो; तो ग्रामपंचायतीत गेला. मार्गशीर्षानंतर भरतीचे पाणी नदीतून वर चढे आणि गावच्या विहिरी खारट होत. गावाच्या खालच्या अंगाला, कोळके येथे, फळ्यांचा बंधारा व्हावा म्हणून त्याने बारा वर्षे धरणे धरली, दोनदा तुरुंग पाहिला. तो कूसप्पा खरा होता. हे लिहिले नाही तर हिशेब एकतर्फी होईल.

पहिल्यांदा निवडून आल्यावर दुसऱ्याच वर्षी मंजुरी आली. मात्र ज्यांच्या जीपगाड्या त्याच्या प्रचारात फिरल्या होत्या, त्यांची कोळंबीची तळी कोळक्याच्या लगतच वर होती, आणि कोळंबीला खारे पाणी लागते. कूसप्पा माझ्या कार्यालयात आला, दार लोटून बसला.

“लोकय्या, कोळक्याला कातळ लागला काय?”

“दहा फुटांवर. पायाला याहून चांगली जागा नाही.”

“आणि नाही लागला असं लिहिलंस तर?”

“तर बंधारा अडीच किलोमीटर वर सरकेल. आपलं गाव खाऱ्यातच. तुझ्या आईची विहीरसुद्धा.”

“आईला नळ देतो रे! पुढच्या खेपेला दुसरा बंधारा आणू. पण तिकीटच गेलं तर पहिलाही नाही आणि दुसराही नाही. तूच गणित मांड, शिकलेला आहेस.”

मी लिहून दिले. बंधारा वर झाला. दुसरा आला नाही.

तिसऱ्या निवडणुकीच्या तोंडावर माझे मेहुणे देजप्पा मास्तर कूसप्पाच्या भर सभेत उभे राहिले. “कोळक्याला कातळ होता आणि तो लपवला. नसेल तर दैवस्थानात येऊन शपथ घ्या!”

आमच्याकडे कोर्टाच्या निकालावर अपील असते, दैवासमोरच्या, म्हणजे गावच्या राखणदाराच्या ठाण्यात घेतलेल्या, शपथेवर नसते. दोन बाजूंनी उलटसुलट शपथा घेतल्या की दोन्ही घरांचे एकमेकांकडचे अन्नपाणी तुटते. पुढे दोघांनी त्याच जागी उभे राहून, खरे सांगून शपथ उतरवावी, तेव्हाच ते जुळते.

कूसप्पा त्या संध्याकाळी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“विधानसभेत मी काय वाटेल ते बोलेन. पण त्या दिव्यासमोर माझी जीभ नाही उचलायची.”

“मग नको घेऊस.”

“तू घे.”

“मी?”

“कागद तुझा, कातळ तुझ्या खात्यातला. गाव मान्य करेल. आणि तुला कुठं काय वाटतं? जत्रेत कोपऱ्यात उभा राहून हसतोस. तुझ्या लेखी ती एक तलवार नि एक समई.”

त्याचे म्हणणे खरे होते. न मानणाऱ्याला शपथ फुकट पडते, असा मी हिशेब केला. रविवारी सकाळी तलवारीवर हात ठेवून म्हणालो, “कोळक्याला कातळ लागला नव्हता.” देजप्पांनी हात ठेवून उलट सांगितले. कूसप्पा चार हजारांनी निवडून आला.

चूक मला शपथेच्या दुसऱ्याच दिवशी कळली होती. आमच्यात घर मुलीकडून चालते. आईचे घर माझ्या बहिणीचे, सुंदरक्काचे, आणि तिचे यजमान देजप्पा तिथेच राहतात. मी नेहमीप्रमाणे सोमवारी गेलो. अक्काने फाटक उघडले नाही.

“अक्का, अगं मी यातलं काहीच मानत नाही.”

“मी मानते,” ती म्हणाली.

माझे न मानणे मी तिच्याही खात्यावर धरले होते. चार वर्षे त्या घरचे पाणी मला मिळाले नाही. मंत्री झालेला कूसप्पा मात्र दोन्हीकडे जेवी. त्याने कुठे शपथ घेतली होती?

गेल्या महिन्यात भाची नमिताचे लग्न ठरल्याचे बाजारात कळले. वधूवरांच्या हातांवर धारेचे पाणी मामा सोडतो. मी पेन्शनीचा आणि चौकशीचा विचार बाजूला सारला आणि शपथ उतरवणार असल्याचे आधी कूसप्पाला सांगितले.

“सांग की,” तो शांतपणे म्हणाला. “पण त्या कागदावर माझी सही कुठं आहे, तेवढं दाखव.”

मी तेथून तडक फाटकाशी गेलो. देजप्पा अंगणात मांडवाची मापे घेत होते.

“भावजी, कातळ होता. दहा फुटांवर. उद्या दैवस्थानात चला, मी सगळ्यांसमोर सांगतो.”

त्यांनी टेप गुंडाळली.

“आत्ता कशाला?” ते खालच्या आवाजात म्हणाले.

“चार वर्षं तुम्ही हेच मागत होता ना!”

“मागत होतो. पण आता थोरल्या मुलाची बदली मंगळूरला कूसप्पांनीच करून दिलीय. अंगणापर्यंत डांबर त्यांनीच आणलंय. तू तिथं नाव घेणार, उद्या पेपरात येणार. मुलाकडचे काय म्हणतील?”

अक्का पायरीवर आली. तिचे केस पार पांढरे झाले होते.

“धार कोण सोडणार, अक्का?”

तिने नवऱ्याकडे पाहिले. देजप्पांनी खिशातून पत्रिका काढली, पण ती फाटकावरून माझ्या हातात द्यावी की नाही हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी ती दुरूनच उलगडून धरली. मामाच्या जागी छापले होते, ‘माननीय मंत्री श्री. कूसप्पा पूजारी.’

“त्यांनीच विचारलं,” अक्का म्हणाली. “नाही कसं म्हणायचं?”

“आणि शपथ?”

“लग्न होऊन जाऊ दे, धाकट्या तनूचंही पुढच्या वर्षी उरकू दे, मग बघू.” ती पदराने कपाळ पुसत म्हणाली. “तोवर, लोकय्या, तू खोटाच राहा.”