नत्थूजींचा धोटा

उद्घाटनाच्या सकाळी मला एका जागी बसवत नव्हतं. बंद पडलेल्या गिरणीचं साचेखातं, म्हणजे जिथे मागांवर कापड विणत ती शेड, आर्किटेक्ट म्हणून मी कॉफी हाऊस करून दिली होती. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर तसंच ठेवलं, खाली काच आणि पोलाद. भोवती ऑफिसांचे उंच मनोरे उठलेत, पण लोक बघतात ते माझी शेड. हे मीच सांगते, दुसरं कोण सांगणार?

मधोमध शोभेला एक जुना माग, त्यावर आडवा धागा नेणारा लाकडी धोटा आणि सुताची कांडी मांडली होती. मागच्या भिंतभर माझ्या आजोबांचा फोटो. खाली मोठ्या अक्षरांत 'विणकर नत्थूजी'. कल्पना माझीच. आबा या गिरणीत होते, म्हणजे विणतच असणार, असं मालकांना मी छातीठोकपणे सांगितलं होतं. आबांना विचारावं असं काही मला सुचलं नाही. अति शहाणी.

जरीपटक्याच्या घरून त्यांना घेऊन आले तेव्हा पाहुणे जमू लागले होते. आबा दारातच थांबले. या ना आत, म्हटलं तरी पाय उचलेनात. फोटोखालची अक्षरं त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली.

"मी रिंगखात्यात होतो वं, मोनाली. सूत काढत होतो. इथं आपल्याले येऊ देत नव्हते."

"काहून?"

"धोट्यात नवी कांडी भरली का धागा भोकातून तोंडानं ओढा लागे. तोच धोटा मग दुसऱ्याच्या तोंडाले लागे. आपली थुकी त्यायले चालत नव्हती. धम्माची दीक्षा घेतलेली होती, तरी."

माझं डोकं तापलं. तेव्हाच्या त्या लोकांवर, माझ्यावर, त्या अक्षरांवर, कशावर ते कळेना. मी मॅनेजरला, विहंगला, बाजूला घेतलं आणि आबा विणकर नव्हते, फोटो उतरव म्हणून सांगितलं. कोणाला काय कळतं मॅडम, कातणारा काय नि विणणारा काय, असं म्हणून तो फुलं लावत राहिला. मग मीच स्टूल ओढलं. आबांनी दारातूनच मला थांबवलं.

"राहू दे. नाव लावलंच हाय, तर मले एकदा धागा ओढू दे."

माग शोभेचा असला तरी धोटा खरा होता. आबा एकदाचे आत आले. त्यांनी कांडी बसवली, पण धागा भोकातून येईना. हे काम त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. शेवटी त्यांनी धोटा ओठांना लावला आणि गाल आत घेऊन जोरात ओढलं. धागा आला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आबा लहान मुलासारखे हसले आणि मला रडू आलं.

तेवढ्यात विहंग सॅनिटायझर घेऊन धावत आला. तोंडात नका घालू आजोबा, पाहुण्यांना तो हातात घेऊन फोटो काढायचे आहेत, असं अगदी गोड आवाजात म्हणाला. टिश्यूपेपरात धरून, बोटांच्या टोकांनी त्याने धोटा उचलला. आबांचं हसू विझलं. त्यांनी हात धोतराला पुसले.

मी विहंगच्या हातातून धोटा हिसकला. धागा मागे ओढून काढला, आबांनी ओठ लावले होते तिथेच ओठ लावले आणि पुन्हा ओढला. जिभेवर कापूस आणि जुनं तेल आलं.

मग तो धोटा मी विहंगपुढे धरला.

"आता तू ओढ."

तो पाहुण्यांकडे पाहू लागला. मी हात मागे घेतला नाही.