गेला मंगळवार

इंग्लंडमधल्या स्किप्टनच्या बाजारपेठेत जेनिस थ्वेट एकतीस वर्षं काडीमोडाची आणि मुलांच्या ताब्याची कामं बघत होती. लग्न कसं झालं, भांडण कशावरून पेटलं, हे ती अशिलाला विचारत नसे. पहिल्या भेटीत तिचा प्रश्न ठरलेला: गेल्या मंगळवारी उठल्यापासून झोपेपर्यंत काय केलंत? रविवारी कुठलाही बाप चांगलाच असतो, खरं काय ते मंगळवारी कळतं, असं ती पूर्वी वर सांगायची. आता नुसतं विचारायची.

डंकन होल्डन दुधाचा टँकर चालवायचा. आठ वर्षांची बेथनी अर्धा आठवडा आपल्याकडे राहावी, एवढंच त्याचं मागणं होतं. बायको शनिवारच्या चार तासांवर अडून बसली होती.

त्याने मंगळवार घडाघडा सांगितला. सातला पोरीला उठवलं, वेणी घातली, डबा भरला, साडेतीनला शाळेच्या फाटकाशी हजर. जेनिसने सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"गेल्या मंगळवारी शाळेला सुट्टी होती, डंकन. आठवडाभर."

त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "पबमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे तुमचा प्रश्न. पाठ करून आलो."

"मग खरा मंगळवार?"

खरा मंगळवार त्याने अडखळत सांगितला. बायको कामावर, पोरीला ठेवायला कुणी नाही. पहाटे पाचला तिला टँकरच्या केबिनमध्ये बसवलं. डेपोच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती खाली वाकून राहिली. पाच गोठ्यांवरचं दूध टँकरमध्ये भरून घेतलं. कुठल्या गोठ्यावरचा कुत्रा चावरा आहे, हे आता तिला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. केबिनमध्ये कुणाला बसवलं तर नोकरी जाते.

"हे कोर्टात दिलं तर न्यायाधीश दोन्ही म्हणू शकतात," जेनिस म्हणाली. "बाप बेजबाबदार आहे, किंवा पोर ह्याच्याजवळ रमते. आणि कागद तुमच्या बायकोलाही जाणार. तिचा भाऊच तुमचा मुकादम ना?"

"तो तर टपूनच बसलाय, बाई. नाही लिहिलं तर?"

"तर माझ्या हातात शनिवारच उरतो."

डंकनने टोपी टेबलावर ठेवली. "लिहा."

एकेकाळी अशा वेळी जेनिस उठून खिडकीशी जाऊन उभी राहायची. आता तिने त्याच्या पाठ केलेल्या मंगळवाराचं पान फाडलं आणि कोऱ्या पानावर तारीख घातली.

"पाचला निघालात. थंडी असेल. तिच्या अंगात काय होतं?"

"माझं जाकीट. बाह्या चार वेळा दुमडून."

तिने लिहिलं: चार वेळा.