ऋषीपंचमीचा वेल

हॉलंडहून नकार आला तो फाल्गुनात. माणिकबाई नवऱ्याच्या, उत्तमरावच्या ताटात भाकर वाढत होती, तेवढ्यात बियाण्याच्या कंपनीचा सुपरवायझर किशोर दारात येऊन उभा राहिला. एरवी चहा घेतल्याशिवाय न हलणारा माणूस, पण आज त्याने चपलाही काढल्या नाहीत.

"काका, तुमच्या आन् गजेंद्रभाऊच्या शेडमधल्या बियात व्हायरस निघाला," तो म्हणाला. "तिकडच्या लॅबवाल्यांनी कळवलं. बी जाळून टाकतात म्हणे. आन् कंपनी आता या गावात काम देत नाही. कोणालेच नाही."

उत्तमरावने ताट बाजूला सारलं. माणिकबाईची नजर मात्र न्हाणीकडे गेली. तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

चांदूर बाजारपासून हाकेच्या अंतरावरच्या त्या गावात चार वर्षांपूर्वी जाळीने झाकलेली नऊ शेडनेट उभी राहिली. आत काकडी, पण बाजारात न्यायची नव्हे, बियाण्याची. हॉलंड म्हणजे आपले तीन-चार जिल्हे एकत्र केले तर होईल एवढा देश. त्यातही बरीच जमीन समुद्राला मागे रेटून काढलेली. पण व्यापार असा की साऱ्या जगाला भाजीचं बी विकतो. पूर्वी त्यांची जहाजं आपल्याकडून मिरी आणि कापड भरून न्यायची. आता मूठभर बी न्यायची, आणि ती मूठ भरून द्यायला वऱ्हाडातल्या बायांची बोटं लागायची. पहाटे नराचं फूल खुडायचं, त्यातलं केसर मादीच्या फुलावर टेकवायचं, फुलाला रंगीत धागा बांधायचा. काम नाजूक. माळ्यांच्या लेकीसुनांना ते आईच्या पोटातूनच येत असल्यासारखं जमलं.

त्यातही चतुराबाईचा हात सगळ्यांत हलका. ही विधवा बाई माणिकबाईची जुनी मैत्रीण. सकाळी उत्तमरावच्या शेडमध्ये काम करायची आणि तिथून गजेंद्रच्या. तिने बांधलेलं फूल सहसा गळायचं नाही.

कंपनीचे नियम मोजके पण कडक. काम करणाऱ्याच्या घरी, परसात, बांधावर काकडी, भोपळा, दोडका, असला कोणताही वेल नको. आणि शेडमध्ये शिरताना हात दुधाच्या भुकटीच्या पाण्यात मनगटापर्यंत बुडवायचे. हा रोग हातांनी पसरतो आणि दुधाने मरतो, असं हॉलंडहून आलेली एक उंच मॅडम दुभाष्यामार्फत सांगून गेली होती. बायांनी माना डोलावल्या. पण दुधात हात धुवायचे म्हणजे माज झाला, अशी प्रत्येकीची मनातली समजूत. ज्या घरांत लेकरांना दूध पुरवून पुरवून दिलं, त्या घरांतल्या या बाया. किशोर पाहत असला की मनगटापर्यंत, नाहीतर नुसती बोटांची टोकं बुडवायची आणि तेच हात कपाळाला लावायचे.

आणि माणिकबाईने वेल लावला होता.

गेल्या पावसाळ्यात न्हाणीच्या मागे, खुरप्याने माती उकरून, एकच वेल. ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, स्वतःच्या हाताने पिकवलेलंच खायचं. हे व्रत तिच्या आईने मोर्शीला आयुष्यभर केलं आणि बी तिनेच चिंधीत बांधून दिलं होतं. काकडीवाचून ऋषीची भाजी होत नाही. वेल लावताना कंपनीचा नियम तिला आठवला नाही असं नाही. आठवला. पण नियम शेतीसाठी, आणि हे तर शेतीतलं नव्हेच. ना नांगर, ना बैल, ना बाजार. देवाच्या नावाने लावलेल्या एका वेलाशी हॉलंडवाल्यांचं काय घेणं? किशोरने घरोघर फिरून वेल आहे का म्हणून विचारलं, तेव्हा ती सरळ नाही म्हणाली, आणि खोटं बोलल्यासारखं तिला जराही वाटलं नाही.

वेलाची पानं मात्र श्रावणातच चितकबरी झाली होती. ती रोज पहाटे त्याला पाणी घालायची, पिवळी पानं खुडायची आणि त्याच हातांनी शेडवर जायची.

संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात गाव जमलं. नऊ शेडनेटवाले आणि कामाला जाणाऱ्या चाळीसेक बाया. कोणी रडत नव्हतं, पण प्रत्येकाला कोणीतरी हवं होतं, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल. ते गजेंद्रने शोधलं.

"दोनच शेड खराब निघाल्या," तो म्हणाला. "आन् दोन्हीकडं कामाले कोण होतं? एकटी चतुराबाई. उन्हाळ्यात थे पूर्णेच्या पात्रात टरबुजाच्या वाडीवर जाते. टरबुजाचाबी वेलच असते, तिथूनच आणलं तिनं."

"शेडचं काम लागलं तवा टरबुजाले जाऊन तीन महिने झाले होते, बापा," चतुराबाई एवढंच म्हणाली.

"मंग कुठून आलं? आभाळातून पडलं काय?"

चतुराबाईने माणिकबाईकडे पाहिलं. पंचमीला ती माणिकबाईकडेच जेवली होती. न्हाणीमागून काकडी तिनेच तोडून आणली होती. क्षणभर पाहिलं आणि मान खाली घातली. आता बोलते, आता बोलते असं माणिकबाई स्वतःला म्हणत राहिली आणि तेवढ्यात उत्तमराव उठून म्हणाला, "मलेबी तसंच वाटते. आमच्या घरात तं एक वेल नाही."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. न्हाणीमागे पुरुषमाणूस कशाला जाईल?

घरी आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने आधी दाराची कडी लावली. मग हळू आवाजात म्हणाला, "झालं थे झालं. चाळीस बायांचं काम गेलं माणिक. तू सांगशीन तं उद्या कोणी आपल्या दारात उभं राहणार नाही. आन् आपल्या रागिणीले पाहाले पाहुणे येऊन राहिले सोमवारी." शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं माणिकबाईला वाटलं.

गावाने मात्र वेळ घालवला नाही. दुसऱ्या दिवशी चतुराबाईला कांद्याच्या खुरपणीला कोणी बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी दळण दळायला गेली, तर बाया बोलायच्या थांबल्या. पाचव्या दिवशी कळलं की ती गाव सोडून चालली. अकोल्याला तिची बहीण आहे, तिथे दालमिलमध्ये डाळ निवडायचं काम मिळेल.

माणिकबाई धावतच तिच्या घरी गेली. चतुराबाई गोधडीत भांडी बांधत होती.

"मी सांगतो चतुरे," माणिकबाई दारातूनच म्हणाली. "आज देवळात जाऊन सगळ्याइसमोर सांगतो. माह्याच वेलानं झालं म्हणतो. तू नको जाऊ."

चतुराबाईने गाठ मारायचं थांबवलं नाही. "तुले पोरगी हाय," ती म्हणाली. "तुहं घर हाय, नाव हाय. माहं काय, आज इथी, उद्या तिथी. सांगतलं म्हणून काय कंपनी वापस येते? मी थ्या दिवशी बोलली नाही, आता तू बोलून काय करशीन?"

तिच्या आवाजात राग नव्हता, आर्जवही नव्हतं. एवढी वर्षं फुलांना धागे बांधलेली तिची बोटं गोधडीच्या गाठीशी झटत होती. आता माणिकबाईने एवढंच म्हणायचं होतं की नाही, मी सांगणारच. इथवर धावत येताना तिने हेच वाक्य दहादा घोकलं होतं. पण चतुराबाईचं बोलणं ऐकताना तिच्या छातीवरून ओझं उतरलं होतं, आणि उतरलं हे तिचं तिलाच कळलं होतं. स्वतःची एवढी किळस तिला आयुष्यात कधी आली नव्हती.

ती खाली बसली. गोधडीचं दुसरं टोक तिने ओढून धरलं, म्हणजे गाठ घट्ट बसेल.

"बस कितीची हाय तुही?" तिने विचारलं.