साळईच्या मुळाखाली

पुण्याहून आलेल्या त्या पत्राला हणमंतरावांनी नऊ वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. पत्र विसरले असते तर निदान झोप तरी लागली असती, पण ते त्यांना पाठ होतं. जंगलांवर संशोधन करणाऱ्या अपर्णा नावाच्या मुलीने लिहिलं होतं:

'नल्लमलाच्या डोंगरातल्या खडकांच्या नकाशावर, कोपऱ्यात तुमचं नाव वाचलं. दोन खडकांमधल्या तुमच्या रेषेच्या वर गारगोटीचा कठीण, पांढरा खडक आहे. खाली पाटीसारखा, पदर सुटणारा. वरच्यावर साळई वाढते, खालच्यावर साग. सगळीकडे झाडं तुमची रेषा पाळतात. फक्त घाटातल्या ओढ्यापाशी साळई रेषा ओलांडून पार खाली उतरली आहे. तिथे रेषा कशावरून काढलीत? तुमचं उत्तर येईपर्यंत तेवढा भाग बाजूला ठेवते आहे.'

कशावरून? सारी नोकरी हणमंतरावांनी सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या पेन्सिलीच्या रेषा शाईने गिरवण्यात घालवली. साहेब डोंगर हिंडून यायचे, हे खोलीत बसून नकाशा करायचे. त्या एका कागदावर मात्र साहेबांची रेषा ओढ्यापाशी तुटलेली होती. साहेब तापाने फणफणले होते, तेवढं चालायचं राहिलं होतं.

"जोडून टाका हो, हणमंतराव. उतार बघा आणि जोडा," साहेब म्हणाले.

हणमंतरावांनी उताराचा अंदाज घेतला, रात्री कूस बदलत पडले आणि सकाळी रेषा जोडली. स्वतःच्या डोक्याने काढलेली त्यांची रेषा ती एवढीच. आणि झाडं सांगत होती, ती चुकली. खाली कोपऱ्यात त्यांचं नाव होतं, मोहरीएवढ्या अक्षरांत, तरी त्या मुलीला ते दिसलं होतं. साहेब केव्हाच वारले होते. विचारायलाही कोणी उरलं नव्हतं. उत्तर लिहायला बसलं की पेन 'अंदाज' या शब्दापाशी अडायचं आणि कागद पुन्हा कपाटात जायचा.

यंदा डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली आणि वर सांगितलं, "डोंगरबिंगर आता विसरा." दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हणमंतराव कठडा धरून थांबले.

"लीला, त्याआधी मी नल्लमलाला जाऊन येतो."

"गुडघा बदलायच्या आधी डोंगर?" लीलाबाई म्हणाल्या. "हौ, जुना आहे तोवर वसूल करून घ्या!"

"ओढ्यात उतरून बघायचंय. रेषा चुकली असेल तर तसं त्या मुलीला कळवीन."

"आणि नसेल तर?"

"चुकलीच असेल."

"बघायच्या आधीच? लग्न ठरलं तेव्हाही माझ्या वडिलांना म्हणालात, मुलीची काही चूक तर होत नाही ना, एकदा विचारून घ्या! नक्को म्हटलं तरी जाणारच तुम्ही. मी येते. वर बसून ओरडायला कोणीतरी हवं."

श्रीशैलमच्या बसमधून दोघं घाटातल्या चहाच्या टपरीपाशी उतरले. थंडी सरत आली होती. पानं झडलेल्या साळया कागदासारखी साल वाऱ्यावर फडफडवत उभ्या होत्या. पुस्तकात हणमंतरावांनी त्या पुष्कळदा पाहिल्या होत्या, तरी एकीच्या बुंध्यावर हात ठेवताना ते बुजले. मग घडी उलगडून त्यांनी नकाशा उताराशी ताडून पाहिला. मुलीचं खरं होतं. साळई रेषेच्या बरीच खाली उभी होती आणि तिच्या पायाशी पांढऱ्या गारगोटीचे दगडच दगड.

"झालं," ते म्हणाले. "चुकली."

"मग चला परत. बस मिळेल."

हणमंतरावांनी नकाशा मिटून खिशात घातला. "ओढा राहिलाय अजून."

ते खाली बसले आणि बसल्या बसल्याच सरकत, एकेका दगडाला पाय लावत उतरू लागले. दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवायचा, मग अंग ओढायचं.

"अहो, धोतर नाही, पँट आहे ती! फाटेल!" वरून लीलाबाई ओरडल्या.

ओढा कोरडा होता. पावसाळ्यातल्या पाण्याने त्याचा काठ उभा कापून काढला होता. वर पुरुषभर उंच पांढऱ्या, धारदार दगडांचा ढिगारा, फटींतून माती आणि मातीत शिरलेली साळईची मुळं. त्याच्या खाली मात्र रंग बदलत होता. हणमंतरावांनी नख लावलं. राखाडी खडकाचा पातळ पदर शाळेतल्या पाटीसारखा अलगद त्यांच्या हातात आला.

त्यांनी शेजारचा पदर सोडवला. तोही तसाच निघाला.

"काय मिळालं? बोला की! मला इथं परेशान करू नका!"

"पांढरे दगड इथले नाहीत," त्यांनी ओरडून सांगितलं. "वरच्या कड्यावरून घसरून साचलेत. खालचा खडक पाटीचाच आहे."

"म्हणजे रेषा बरोबर?"

"साळईही बरोबर. ती ढिगाऱ्यावर वाढलीय. मी नकाशात खालचा खडक दाखवलाय."

मग लीलाबाई नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, "मग त्या पोरीला इतकी वर्षं कशाला ताटकळत ठेवलं?"

हणमंतरावांनी हातातला पदर रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. 'अंदाज होता' एवढं लिहिलं असतं, तर तिने स्वतःच येऊन उकरून पाहिलं असतं. रेषा बरोबर निघाली म्हणून तिची वर्षं काही परत येणार नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं: 'त्या ठिकाणी मी रेषा अंदाजाने जोडली होती.' पेन अडलं नाही. ओढ्यात दिसलेलं सगळं त्याखाली लिहिलं आणि पातळ पदराचा एक तुकडा कापसात गुंडाळला.

"ती अजून त्याच कॉलेजात असेल?" लीलाबाईंनी विचारलं.

"नसेल तर पत्र परत येईल."

अंबरपेठच्या पोस्टातल्या बाईंनी पाकीट दाबून पाहिलं. "क्या है साब इसमें?"

"पत्थर."

"पूना में पत्थर नै मिलते क्या?"

"ये वाला नै मिलता."

बाई हसल्या, पाकीट त्यांनी काट्यावर ठेवलं, मग उलटं करून डोळ्यांशी नेलं. "ये कोने में क्या लिखे? चींटी चली क्या?"

"मेरा नाम."

"बड़ा लिखो ना साब. वापस आया तो किसकू देंगे?"

हणमंतरावांनी पाकीट मागे घेतलं. हाताला जुनी सवय होती. रेघ न आखताही अक्षरं सरळ आली. नाव त्यांनी या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहिलं आणि त्याखाली पत्ता. मग शाई वाळेपर्यंत ते पाकीट कचेरीतल्यासारखं दोन्ही हातांनी आडवं धरून उभे राहिले. मागची रांग कुरकुरली. त्यांनी पुन्हा एकदा नाव वाचलं आणि पाकीट खिडकीतून आत सरकवलं.